लंबूचा रिबाउंड

बास्केटबॉल हा खेळ आत्याने आयुष्यात एकदाच डोळ्यांनी पाहिला होता. शाळेत, मैदानाच्या कडेला उभं राहून. आणि तेव्हाही चेंडू येऊन नेमका तिच्याच नाकावर बसला होता. त्यानंतर चाळीसएक वर्षं तिने त्या खेळाचं नाव काढलं नाही. तरीही देशाच्या एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांच्या संघातला सगळ्यात उंच खेळाडू तिने तयार केला, तोही दातांच्या कवळ्या बनवता बनवता. हे ऐकून कोणाला हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावं. आत्याला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण ती दाखवत नाही.

हा संघ खरा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. इंटरनेटवरचा खेळ होता तो. आपल्याला एक संघ मिळतो, त्यात नसलेले खेळाडू असतात, त्यांना आपण काय शिकवायचं, कुठल्या जागेवर खेळवायचं ते ठरवायचं, आणि सामने कॉम्प्युटर आपले आपण खेळून टाकतो. आत्याचा भाचा परीक्षा झाल्यावर महिनाभर तिच्याकडे राहायला आला होता, त्याने ते खूळ तिच्या घरात आणलं. स्वतःचा एक संघ काढला, गंमत म्हणून तिलाही एक काढून दिला, मालकाच्या नावाच्या जागी 'आत्या' एवढंच टाकलं. महिन्याने तो गेला. त्याचा संघ पंधरा दिवसांत बंद पडला. आत्याचा चालू राहिला, कारण आत्याला हातातलं काम अर्धवट टाकता येत नाही.

तिचं खरं काम कवळ्यांचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या, हिरड्यांत एकेक दात बसवायचा. ती एका लॅबच्या मागच्या खोलीत बसायची. पुढच्या खोलीत मालक आणि फोन, मागे ती, दिवा, पॉलिशचं चाक आणि ओळीने मांडलेले जबडे. पूर्वी शेजारच्या टेबलावर एक बाई होत्या. त्या मुलीकडे राहायला गेल्या आणि त्या टेबलावर मालकाने रिकाम्या खोक्यांची चळत लावली. शेकडो लोक आत्याच्या दातांनी जेवत होते, हसत होते, भांडत होते. त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा तिने पाहिलेला नव्हता. मालक दिवसातून दोनदा दारात डोकावून म्हणायचा, 'आत्या, वरचा झाला का?' कधी म्हणायचा, 'आत्या, खालचा झाला का?' एवढंच बोलणं.

रविवारी दुपारी दादाचा फोन यायचा. तब्येत बरी ना, बरी आहे, तुझी, माझीही बरी, घे वहिनीशी बोल. वहिनी तेच तीन प्रश्न पुन्हा विचारायची. दोघंही मनाने चांगली होती, पण सांगण्यासारखं कोणाकडेच काही उरलेलं नव्हतं. फोन ठेवला की खोली आधीपेक्षा जास्त गप्प व्हायची, म्हणून कधी कधी तिला वाटायचं, यांनी फोन केलाच नसता तर बरं झालं असतं.

अशात तिच्या संघात लंबू आला. दर हंगामात प्रत्येक संघाला काही नवी पोरं मिळतात, त्यातलंच एक. अठरा वर्षांचा, उंची सात फुटांच्या वर. कॉम्प्युटरने त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, ते तिने पहिल्याच दिवशी रद्द केलं आणि लंबू म्हणायला लागली. दोन दिवसांनी तिच्या खेळातल्या पेटीत पहिल्यांदाच कोणाचं तरी पत्र आलं.

'नमस्कार आत्याबाई. मी आपल्या देशाच्या तरुण संघाचा प्रशिक्षक. मला सगळे मास्तर म्हणतात. तुमच्याकडे सोनं आलंय, ते मातीत घालू नका एवढीच विनंती.'

आत्या आधी भडकली. मातीत घालायला मी काय वेडी आहे? मग तिने पूर्ण पत्र वाचलं. देशाच्या संघाच्या प्रशिक्षकाला त्या खेळात सगळे संघमालक मिळून निवडून देतात. पण त्याच्या हातात एकही खेळाडू नसतो. खेळाडू असतात लोकांच्या संघांत, आणि त्यांना काय शिकवायचं हे त्या त्या मालकाच्या मर्जीवर. म्हणून प्रशिक्षकाने फक्त पत्रं लिहायची, आर्जवं करायची, मनधरणी करायची. शिवाय घाई. तिथलं एक वर्ष आपल्या साडेतीन महिन्यांत उरकतं. बावीस पूर्ण झाली की पोरगा तरुण संघातून बाद. म्हणजे लंबूला घडवायला हातात वर्षभरापेक्षा थोडाच जास्त वेळ होता.

मास्तरांची योजना अशी, की लंबू नुसता बास्केटखाली खांबासारखा उभा राहता कामा नये, त्याला पासही देता आला पाहिजे. आणि तिथला नियम असा, की पास शिकायचा तर पोराला चेंडू पुढे घेऊन जाणाऱ्याच्या जागेवर खेळवावं लागतं. सात फुटी पोरगा त्या जागेवर! तो चेंडू हातातून घालवायचा, समोरचे चपळ गडी त्याच्या बगलेतून निसटायचे आणि आत्याचा संघ धडाधड हरायचा. हंगाम संपेपर्यंत तो वरच्या गटातून खालच्या गटात आला. मास्तरांनी लिहिलं, तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं, मला माफ करा. आत्याने उत्तर दिलं, तुम्ही म्हणाल तर आणखी एक गट खाली जाईन, पण पोरगा अर्धवट शिकलेला मला चालणार नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. तिने इतक्या आवेशाने कोणाला काही सांगून जमाना झाला होता.

दर शुक्रवारी दुपारी पोरांच्या शिकण्याचा निकाल लागायचा. कोणाचा कुठला आकडा एकाने वर गेला ते कळायचं. आत्या डब्याच्या सुट्टीत हात धुऊन फोन उघडायची, आणि पाठोपाठ मास्तरांचं पत्र यायचं. सुरुवात नेहमी एकच: 'आत्याबाई, लंबूचं काय? रिबाउंड किती?' रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू उडी मारून पकडणं. उंच पोराची खरी कमाई तीच. ती आकडा कळवायची, ते पुढच्या आठवड्यात काय करायचं ते सांगायचे, आणि खाली दोन ओळी इकडच्या तिकडच्या.

त्या दोन ओळींच्या हळूहळू दहा झाल्या. मास्तर एका मोठ्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर कामाला होते. ट्रक येतो, काट्यावर उभा राहतो, खिडकीतून चिठ्ठी घेतो, जातो. ड्रायव्हर खालीसुद्धा उतरत नाही. 'भरलेला किती, रिकामा किती, एवढं मला प्रत्येकाचं माहीत असतं, पण कोण कुठे चाललाय ते विचारायची सोय नाही.' आत्याने लिहिलं, माझंही तसंच, फक्त माझे ट्रक तोंडात मावतात. यावर त्यांनी नुसतं 'हा हा हा' लिहून पाठवलं आणि ते तिला आठवडाभर पुरलं. पुढे ते तिच्या धुळीच्या खोकल्याची चौकशी करायला लागले, ती त्यांच्या केबिनमधल्या बंद पंख्याची. पंखा काही दुरुस्त होत नव्हता. खोकलाही जात नव्हता. दोघांनाही बोलायला विषय राहिला.

त्यातच मास्तरांनी एकदा लिहिलं, 'रिबाउंड बारा झाला की आपलं काम फत्ते. मग तो थेट संघात. मग दर शुक्रवारी तुम्हाला त्रास देणार नाही.'

लंबूचा रिबाउंड ज्या शुक्रवारी बारा झाला, त्या दिवशी आत्या खुर्चीतून उठून उभी राहिली. कोणाला तरी सांगावं म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं, तर टेबलावर सतरा जबडे आ वासून बसलेले. तेवढ्यात पत्र आलं. 'आत्याबाई, लंबूचं काय? रिबाउंड किती?' तिने बारा टाइप केलं. आणि तिला ते आधीचं वाक्य आठवलं, त्रास देणार नाही. तिने बारा पुसून टाकलं आणि लिहिलं, 'अकराच. मेला हलत नाही.'

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे उरलेला दिवस तिने एक दाढ तीनदा उलटी बसवली. संध्याकाळी मास्तरांचं उत्तर आलं. 'असू दे. कधी कधी अडतात पोरं. रिबाउंड बाजूला ठेवा, पासवर भर द्या. पुढच्या शुक्रवारी बघू.'

पुढच्या शुक्रवारी तिने पुन्हा अकराच कळवला. त्याच्या पुढच्याही. मास्तर कधी वैतागले नाहीत. कधी म्हणायचे आता बचाव शिकवा, कधी म्हणायचे दोन आठवडे पुन्हा रिबाउंड करून बघा, बघू जरा हलतोय का. ती सांगितलेलं सगळं इमानाने करायची, फक्त आकडा खोटा सांगायची. गंमत म्हणजे मास्तरांचा सल्ला दर वेळी अचूक बसायचा. खरा आकडा माहीत असता तरी त्यांनी याहून वेगळं काही सांगितलं नसतं, असं तिला वाटायचं. मग तिलाच त्यांची कीव यायची. इतका हुशार माणूस आणि याला एवढंही कळू नये?

अकरावर अडलेल्या लंबूला त्यांनी देशाच्या संघात घेतलंसुद्धा. आत्याला वाटलं, आपला वशिला लागला. लंबूने पात्रता फेरीत धमाल उडवली, देश मुख्य स्पर्धेत पोचला, आणि मास्तरांनी लिहिलं, 'अकरा आहे म्हणता, तरी बघा कसा उडतोय.' तिने त्या ओळीकडे थोडा वेळ पाहिलं आणि सोडून दिलं.

मुख्य स्पर्धेच्या आधी प्रशिक्षकाची निवडणूक लागली. मास्तरांच्या विरोधात एक नवा गडी उभा राहिला, त्याला सगळे कॅल्क्युलेटर म्हणत. त्याचा प्रचार एकच: मास्तर पत्रं लिहीत बसतात, आणि देशाचा संघ पत्रांवर चालत नाही. आणि नेमका त्या आठवड्याच्या शुक्रवारी मास्तरांचा प्रश्न आला नाही. आत्याने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पुढच्याही शुक्रवारी नाही. आता ती रुसली. रुसायला काय, तिच्या नाकावरच राग. गरज होती तेव्हा आत्याबाई आत्याबाई, आता मतांच्या मागे लागले. पडद्यावर मतदानाची खिडकी उघडली तेव्हा तिने ती फटकन बंद केली.

मास्तर थोडक्या मतांनी हरले.

त्यांचं पत्र आलं. 'आत्याबाई, खुर्ची गेली. मधे लिहिलं नाही, राग मानू नका. कारण चर्चेच्या पानावर दिलं होतं, तुम्ही वाचलं असेलच. लंबूला सांभाळा.' आत्या चर्चेचं पान कधी उघडत नसे, तिथे सगळे एकमेकांवर ओरडत असतात. त्या दिवशीही तिने ते उघडलं नाही. मला वेगळं लिहायला काय हात झिजले असते, असं म्हणून ती गाल फुगवून बसली. उत्तर दिलं नाही. चार दिवस जाऊ देत, मग देऊ, असं मनाशी ठरवलं आणि त्या चार दिवसांचे किती तरी आठवडे झाले. रुसवा धरणं सोपं असतं, पण तो सोडायला समोर कोणीतरी लागतं, आणि समोरून पुन्हा काही आलंच नाही.

शुक्रवारची सवय मात्र सुटेना. स्पर्धा जवळ आल्यावर एका शुक्रवारी तिने नव्या प्रशिक्षकालाच कळवलं: लंबूचा रिबाउंड अकरा. एकदा धरलेली थाप निभावून न्यायला हवी होती. उत्तर लगेच आलं.

'अकरा नाही, चौदा. कृपया आकडे पाठवू नका. देशाच्या प्रशिक्षकाला सगळ्या खेळाडूंचे आकडे स्वतःच्या पानावर दिसतात. ही सोय पहिल्यापासून आहे.'

आत्याने ते दोनदा वाचलं. मग फोन टेबलावर उलटा ठेवला. मालक दारात येऊन 'वरचा झाला का' म्हणाला, तेव्हा तिने त्याच्या हातात खालचा ठेवला.

पहिल्यापासून. म्हणजे मास्तरांना बारा दिसत होता. त्याआधीचे दहा, नऊ, आठही दिसत होते. त्यांना तिला काहीच विचारायची गरज नव्हती, एकाही शुक्रवारी नाही. आणि तरी ते विचारत होते. ती अकरा म्हणाली तेव्हा त्यांनी समोर बारा बघत लिहिलं होतं, असू दे, कधी कधी अडतात पोरं.

घरी आल्यावर तिने चर्चेचं ते पान शोधून काढलं. मास्तरांनी तिथे दोनच ओळी लिहिल्या होत्या: मतदान संपेपर्यंत मी कुठल्याही खेळाडूच्या मालकाला पत्र लिहिणार नाही. लिहिलं तर मतं मागतोय असं वाटेल, आणि ती पत्रं मला मतांसाठी वापरायची नाहीत. आत्या तशीच बाहेरच्या कपड्यांत पलंगावर बसली आणि रडली. आपल्यालाच दोन थोबाडीत माराव्यात असं तिला वाटलं. मग तोंड धुऊन तिने मास्तरांना पत्र लिहायला घेतलं, लिहिलं, पाठवलं, आणि ते परत आलं. संघमालक बरेच आठवडे फिरकला नाही तर तिथे संघ बंद होतो आणि त्याची पेटीही जाते. मास्तरांचा संघ आठवड्यापूर्वीच बंद झाला होता. तिला त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं. गाव माहीत नव्हतं. माहीत होता एक वजनकाटा आणि एक बंद पंखा. असे काटे काय जगात थोडे असतात?

लंबूचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. दुसऱ्या दिवशी त्याला बावीस पूर्ण होणार होती. आत्या जेवणाची भांडी तशीच ठेवून घरच्या कॉम्प्युटरसमोर बसली. सामना म्हणजे पडद्यावर नुसत्या ओळी सरकत जातात: अमक्याने फेकला, हुकला, तमक्याने पकडला. उजवीकडे बघणाऱ्यांची नावं असतात, खाली गप्पांची चौकट. त्या चौकटीत आत्याने आजवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. कॅल्क्युलेटरने आपल्या गणितानुसार लंबूला पहिला अर्धा वेळ बाकावर बसवून ठेवलं आणि आत्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या डावात लंबू उतरला. चेंडू हुकला, लंबूने पकडला. पुन्हा हुकला, पुन्हा लंबूने पकडला, लांब पास दिला, बास्केट. तिने टाळी वाजवली. खोलीत ती एकटीचीच टाळी मोठी वाटली.

चौथ्या डावात तिची नजर उजवीकडे गेली. नावांच्या अगदी शेवटी एक ओळ होती: पाहुणा, मास्तर.

संघ नसलेल्यालाही पाहुणा म्हणून सामना बघता यायचा. पण सामना संपला की पाहुणा निघून जाणार, आणि त्याला पत्र पाठवायला पेटी नाही. उद्यापासून लंबूही तरुण संघात नाही, म्हणजे त्या माणसाला इथे पुन्हा यायचं कारणही नाही. जे काय सांगायचं ते आत्ता, सगळ्या जगासमोर, त्या चौकटीत. ती टाइप करायची, पुसायची. माफ करा, हे पुसलं. राग आला होता, हेही पुसलं. फोन वाजला. रविवारचा दादा. तिने तो वाजू दिला. सामना दोन गुणांनी गेला. कोणीतरी कॅल्क्युलेटरला शिव्या घातल्या, त्याने एक तक्ता टाकला, आणि उजवीकडची नावं एकामागून एक गळायला लागली.

शेवटी तिने जे सुचलं ते लिहिलं.

'मास्तर, नवे साहेब म्हणाले, प्रशिक्षकाला सगळे आकडे दिसतात.'

काही आलं नाही. नावं आणखी कमी झाली. कॅल्क्युलेटर गेला. आता उजवीकडे दोनच नावं होती, तिचं आणि खाली पाहुण्याचं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी वाळलेले कपडे काढत होतं, आत्या उगाच तिकडे बघत राहिली. परत पडद्याकडे वळली तेव्हा चौकटीत एक शब्द आला होता.

'दिसतात.'

तिने कीबोर्ड जवळ ओढला. खाली पुन्हा अक्षरं उमटायला लागली. एकेक, सावकाश, ट्रक नसताना केबिनमध्ये बसून लिहिल्यासारखी.

'आत्याबाई, लंबूचं काय? रिबाउंड किती?'

आत्याने पदराने डोळे पुसले आणि चष्मा नीट केला.

'अकराच,' तिने लिहिलं. 'मेला हलत नाही.'